अभ्यासिकेतून : काळ्या पडद्याला भिण्याचे कारण नाही

सावली तालुक्यातील एका आईचे पत्र अभ्यासिकेच्या पत्त्यावर आले आहे. अक्षर धाकट्या मुलाचे, सांगणे आईचे. ती लिहिते, "जय भीम, भाऊ. माझी पोरगी नागपूरला एम.एस्सी.ला लागली. रोवणीची मजुरी आणि तेंदूपत्त्याचे पैसे जोडून आम्ही तिला पाठवले. आता ती फोनवर रडते. तिथल्या कॉम्प्युटरवर चित्र नाही, माऊस चालत नाही, नुसता काळा पडदा आहे म्हणते. बाकीच्यांना येते, मलाच येत नाही म्हणते. परत येऊ का म्हणून विचारते. मी काय सांगू जी?"

ताई, आधी एवढेच सांगा की परत येऊ नकोस. ज्यांना ते येते त्यांना घरी किंवा शाळेत कोणीतरी आधी दाखविले आहे, एवढाच फरक आहे. हा काळा पडदा शिकायला चार संध्याकाळी पुरतात, हे आम्ही अभ्यासिकेतील मुलांबरोबर बसून पाहिले आहे. तुमच्या मुलीसारखी आणखी मुले नागपूर, पुणे, मुंबईकडे गेली आहेत आणि काही पुढच्या वर्षी जातील. म्हणून या वेळचा मजकूर त्या सर्वांसाठी लिहीत आहोत. आई-वडिलांनीही तो वाचावा. कमांड पाठ झाल्या नाहीत तरी चालेल, पण मूल कशाशी झगडत आहे हे घरात कळले पाहिजे.

पडदा काळा का असतो

परमुलखातील बाजारात भाषा येत नसली तर माणूस बोटाने वस्तू दाखवितो. मांडून ठेवलेली वस्तू मिळते. आत गोदामात काय आहे ते विचारता येत नाही. माऊसने काम करणे हे बोट दाखविण्यासारखे आहे. काळ्या पडद्यावर म्हणजे टर्मिनलवर आपण यंत्राशी त्याच्या भाषेत बोलतो. एक ओळ लिहून एंटर दाबले की यंत्र तेवढे काम करते. त्या ओळीला कमांड म्हणतात.

ही भाषा जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली सुरू केली. त्या काळी पडदाही नव्हता, टाइपरायटरसारख्या यंत्रावर अक्षरे उमटत आणि ती सावकाश उमटत. म्हणून कमांडची नावे दोन-दोन, तीन-तीन अक्षरांची ठेवली गेली. आजच्या मुलाला ती विचित्र वाटतात याचे मूळ तेथे आहे.

पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी, कोणालाही वापरता, पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिण्याचे काम जाहीर केले. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. तो लिनक्स. त्याच १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला.

लिनक्सचा परवानाच असा आहे की त्याची प्रत काढणे गुन्हा नाही, ती दुसऱ्याला देण्याची उघड मुभा आहे. ज्यांच्या आजा-पणज्यांना पोथी ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विज्ञान याच पडद्यावर का चालते

जगातील सर्वांत शक्तिमान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. आपल्या शेतीशी संबंध असलेले उदाहरण घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ च्या जानेवारीत 'प्रत्यूष' आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'अर्क' हे महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ही पावसाचे भाकीत ६ किलोमीटरच्या चौकटीपर्यंत खाली आणते. त्याआधी ती चौकट १२ किलोमीटरची होती. सावलीत परे कधी टाकावे याचा अंदाज ज्या गणितातून निघतो, ते गणित अशा यंत्रावर होते. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यातून येणारे आकडेही याच रीतीने चाळले जातात.

अशा यंत्रासमोर कोणी बसलेले नसते. ते बंद, थंड खोलीत असते आणि संशोधक दुरून त्याला कमांड पाठवितो. शिवाय एकच काम हजार फायलींवर करायचे असेल तर माऊसने हजार वेळा टिचक्या माराव्या लागतील. टर्मिनलवर ते एका ओळीत होते आणि ती ओळ वहीत लिहून ठेवता येते. दुसऱ्याने तीच ओळ चालविली की तेच उत्तर यावे, ही विज्ञानाची पहिली अट आहे. टिचक्या कोणी वहीत लिहीत नाही.

यंत्र कोठून आणायचे

नवा लॅपटॉप घ्यावाच लागतो असे नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, त्यामुळे बरीच जुनी यंत्रे लोक अडगळीत टाकत आहेत. असे यंत्र मिळाले तर त्यावर लिनक्स मिंट किंवा लुबुंटू विनामूल्य टाकता येते. मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असली तर बरे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, यंत्रातील काही पुसले जात नाही.

तेही नसेल तर खिशातील मोबाईल आहे. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. टर्मक्स नावाचे मोफत ॲप घातले की फोनवर काळा पडदा उघडतो आणि खाली दिलेल्या जवळजवळ सर्व कमांड तेथे चालतात. अक्षर लहान दिसते, बोट अडखळते, पण शिकायला पुरेसे आहे. अभ्यासिकेतील निम्मी मुले फोनवरच शिकली.

आणखी एक सोय सांगून ठेवतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात तयार केले आहेत. ते फुकट आहेत.

पहिली संध्याकाळ : मी कोठे आहे?

कमांडची अक्षरे इंग्रजीत टाइप करावयाची असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे छापली आहेत. 'एलएस' असे लिहिले असेल तेथे इंग्रजीतील लहान एल आणि लहान एस, मध्ये जागा न सोडता. लहान आणि मोठे अक्षर लिनक्सला वेगवेगळे वाटते. मोठ्या लिपीत लिहिले तर तो "कमांड नॉट फाउंड" म्हणेल. म्हणजे शब्द ओळखला नाही. यापलीकडे काही बिघडलेले नसते.

लिनक्समधील जागा पत्त्यासारखी असते. चंद्रपूर जिल्हा, त्यात सावली तालुका, त्यात पाथरी गाव. लिनक्स हा पत्ता मध्ये तिरप्या रेघा देऊन लिहितो: /चंद्रपूर/सावली/पाथरी. अगदी आरंभीची तिरपी रेघ म्हणजे सर्वांचे मूळ. प्रत्येक टप्प्याला डिरेक्टरी म्हणतात, आपण तिला कप्पा म्हणू.

पीडब्ल्यूडी : मी आता कोणत्या कप्प्यात उभा आहे? यंत्र पूर्ण पत्ता छापते. गोंधळ झाला की पहिल्यांदा हीच कमांड द्यावी.

एलएस : या कप्प्यात काय काय आहे? पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि एल लिहिले तर तारीख आणि आकारमानासह यादी येते.

सीडी : चला. सीडी, मोकळी जागा आणि कप्प्याचे नाव लिहिले की त्या कप्प्यात जातो. नावाऐवजी दोन टिंबे दिली की एक पायरी वर, म्हणजे पाथरीतून सावलीत येतो. नुसते सीडी लिहिले की आपल्या घरच्या कप्प्यात परत. कोठेही हरवलात तरी घर एका शब्दावर आहे.

मुलांना पहिल्या संध्याकाळी आम्ही एवढेच करायला लावतो. आत जा, पाहा, बाहेर या. रस्ते पायाखालचे झाले की भीती जाते.

तीन कळा याच वेळी शिकाव्यात. नावाची दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबले की उरलेले नाव यंत्र पुरे करते. वर जाणारा बाण दाबला की मागची कमांड परत येते. कंट्रोल धरून सी दाबले की चालू काम थांबते. आणि पडदा अडकल्यासारखा वाटला तर आधी क्यू दाबून पाहावे. माहितीची पाने उघडली असतील तर ती क्यूने बंद होतात. पहिल्या आठवड्यातील निम्मी रडारड या एका अक्षराने थांबते.

दुसरी संध्याकाळ : ठेवणे, हलविणे, पुसणे

एमकेडीआयआर आणि पुढे नाव दिले की नवा कप्पा तयार होतो. सीपी म्हणजे प्रत काढणे, आधी मूळ नाव आणि मग प्रतीचे नाव. एमव्ही म्हणजे हलविणे किंवा नाव बदलणे. नॅनो आणि फायलीचे नाव लिहिले की लिहायला पान उघडते. कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर यावे, ते विचारील तेव्हा जतन करावे. नावात मोकळी जागा सोडू नये, कारण जागा दिसली की यंत्राला दोन नावे वाटतात.

काम नीट झाले तर लिनक्स बहुधा काहीच बोलत नाही. नव्या मुलाला वाटते की काही झाले नाही, आणि तो तीच कमांड पुन्हा देतो. गप्प राहणे म्हणजे काम झाले, असे समजावे आणि एलएस करून खात्री करावी.

आरएम म्हणजे पुसणे. येथे जरा थांबा. टर्मिनलवर पुसलेली फाईल कचऱ्याच्या पेटीत जात नाही, ती गेलीच. म्हणून आरएमपुढे उणे चिन्ह आणि आय लावण्याची सवय ठेवावी, म्हणजे पुसण्यापूर्वी यंत्र प्रत्येक वेळी विचारते. आरएमपुढे उणे आर एफ लिहून कप्पाच्या कप्पा पुसण्याची कमांड कोणी गमतीने सांगितली तर ती देऊ नये. तसेच सुडू हा शब्द आरंभीला असला की यंत्र मालकाच्या अधिकाराने काम करते. आपण काय करतो ते कळल्याशिवाय तो वापरू नये.

तिसरी संध्याकाळ : पावसाचे आकडे

आता खरे काम. आपल्या भागात पावसाच्या आकड्याला किती मोल आहे ते सांगायला नको. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि ते मंडळनिहाय पाहतात. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर ब्रह्मपुरी आणि सावली तालुक्यांतील काठच्या लोकांना आठवत असेलच. आकडे आपल्याकडे असले आणि ते चाळता आले तर बोलणे वेगळे होते.

समजा सावली, व्याहाड आणि पाथरी या तीन ठिकाणी मोजलेला रोजचा पाऊस आपण एका फायलीत लिहिला. फायलीचे नाव 'पाऊस'. लिनक्सला देवनागरी नाव चालते. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी, मध्ये एक-एक मोकळी जागा: तारीख, गाव, मिलिमीटर. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागते. आकडे मात्र इंग्रजी अंकांत लिहावेत, देवनागरी अंक हे आकडे आहेत हे पुढील कमांडना कळत नाही.

हेड पाऊस : पहिल्या दहा ओळी दाखविते. टेल पाऊस : शेवटच्या दहा. मोठी फाईल पूर्ण पाहायची असेल तर लेस पाऊस, बाहेर यायला क्यू.

डब्ल्यूसी, मग उणे एल, मग पाऊस : ओळी मोजते. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस. तीन गावांच्या ३६६ ओळी हव्यात. ३६४ आल्या तर दोन नोंदी राहून गेल्या. कोणतेही गणित करण्यापूर्वी ही मोजणी करावी.

ग्रेप पाथरी पाऊस : ज्या ओळींत पाथरी आहे तेवढ्याच काढून दाखविते. ग्रेपची अक्षरे जी, आर, ई, पी.

सॉर्ट, मग उणे के ३, उणे एन, उणे आर, आणि पाऊस : तिसऱ्या रकान्यातील आकड्याप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावते.

या कमांड एकमेकींना जोडता येतात आणि टर्मिनलची खरी ताकद त्यात आहे. कीबोर्डवर एक उभी रेघ असते, तिला पाईप म्हणतात. आसोलामेंढ्याचे पाणी जसे कालव्यातून पुढच्या बांधीत जाते, तसे एका कमांडचे उत्तर पाईपमधून दुसरीत जाते. वरच्या सॉर्टच्या ओळीपुढे पाईप देऊन हेड उणे एन ५ लिहिले की हंगामातील सर्वांत मोठ्या पावसाच्या पाच नोंदी समोर येतात.

आणखी एक जोड फार कामाची आहे. कट या कमांडने फक्त गावाचा रकाना वेगळा काढायचा, पाईप देऊन सॉर्ट करायचा, पुन्हा पाईप देऊन युनिक या कमांडला उणे सी सह द्यायचा. युनिकची अक्षरे यू, एन, आय, क्यू. उत्तरात प्रत्येक नाव आणि ते किती वेळा आले ते येते. आमच्या मुलांनी हे केले तेव्हा व्याहाड ११९ वेळा आणि व्याहाळ ३ वेळा असे निघाले. लिहिणाऱ्याच्या हातून तीन वेळा अक्षर चुकले होते. डोळ्यांनी ३६६ ओळी वाचून ते दिसले नसते.

ऑक नावाची कमांड तर अर्धे गणितच करते. तिसरा रकाना ६५ हून मोठा असलेल्या ओळी दाखव, असे तिला एका ओळीत सांगता येते. तिचे नाव ती लिहिणाऱ्या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले. ती पुढील अंकी घेऊ.

हे काम आपल्याला नवे नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, ताडून पाहिल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले. त्यातून एचएमटी हे धान निघाले. ३ जून २०१८ रोजी ते गेले, पण तो तांदूळ आजही घरोघरी शिजतो. वेगळे दिसले ते काढणे, नीट जपणे, दुसऱ्याशी ताडणे. ग्रेप आणि सॉर्ट यांचे काम हेच आहे. बांधीत निवडणारा डोळा आपल्या घरात आहे, मुलीने फक्त त्याला नवे हत्यार लावायचे आहे.

आमची एक चूक

अभ्यासिकेच्या अंगणात मुलांनी एका पावसाळ्यात पर्जन्यमापक लावून रोज सकाळी पाऊस मोजला आणि वहीत लिहिला. नंतर तो फायलीत उतरविला. एका संध्याकाळी त्यांना सॉर्ट शिकविताना आम्ही स्वतः एक कमांड दिली. उत्तर पडद्यावर न छापता फायलीत ठेवायचे असेल तर 'पेक्षा मोठे' हे चिन्ह आणि पुढे फायलीचे नाव लिहितात. आम्ही पाऊस ही फाईल सॉर्ट केली आणि उत्तर पाऊस याच फायलीत ठेवायला सांगितले.

यंत्र गप्प राहिले. आम्हीच मुलांना शिकविले होते की गप्प म्हणजे काम झाले. हेड करून पाहिले तर फाईल रिकामी.

कारण साधे आहे. ते चिन्ह दिसताच यंत्र आधी पुढची फाईल कोरी करून ठेवते आणि मग कमांड चालविते. सॉर्टच्या हाती वाचायला काही उरलेच नाही. मुले आमच्याकडे पाहत होती. एका मुलाने विचारले, "सर, आता आपला पाऊस गेला का?"

पाऊस वाचला, कारण वही होती. दोन रात्री बसून सर्व आकडे पुन्हा टाइप केले. त्या दिवसापासून अभ्यासिकेच्या भिंतीवर दोन नियम लिहिले आहेत. मूळ नोंदीच्या फायलीवर काम करायचे नाही, सीपीने प्रत काढून तिच्यावर करायचे. उत्तर नेहमी नव्या नावाच्या फायलीत ठेवायचे. आणि कागदाची वही फेकायची नाही, हे न लिहिताच सर्वांना कळले.

ताई, तुमच्या मुलीला हा प्रसंग मुद्दाम सांगा. शिकविणाऱ्याच्या हातूनही असे होते. चुकले म्हणून कोणी नालायक ठरत नाही.

चौथी संध्याकाळ : दूरचे यंत्र

एसएसएच ही कमांड दूरच्या यंत्राचे दार उघडते. पुढे आपले नाव आणि यंत्राचा पत्ता द्यावा लागतो, ते महाविद्यालयातील मार्गदर्शक देतात. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबेही नाहीत. कीबोर्ड बिघडला असे समजू नये, लिहीत राहावे आणि एंटर द्यावे. आत गेल्यावर सर्व कमांड त्याच. पीडब्ल्यूडी, एलएस, सीडी. सावलीतील घरी बसून पुण्याच्या यंत्रावर काम करता येते, फोनच्या नेटवर्कवरूनही.

मोठ्या यंत्रावर अनेकांची कामे असतात, म्हणून तेथे रांग असते. रांग सांभाळणारी स्लर्म नावाची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी आहे. आपले काम एका फायलीत लिहून एस-बॅच या कमांडने रांगेत लावायचे आणि एस-क्यूने आपला नंबर पाहायचा. रेशनच्या दुकानासारखेच आहे, आरडाओरडा करून नंबर पुढे येत नाही. दाराशीच, म्हणजे आपण जेथे प्रथम आत येतो त्या यंत्रावर, जड काम चालवू नये. बाकीच्यांची वाट अडते आणि व्यवस्थापक काम बंद करतो.

अडले तर दोन वाटा आहेत. मॅन आणि कमांडचे नाव लिहिले की तिची पूर्ण माहिती उघडते. इंग्रजी जड वाटते, पण शेवटी उदाहरणे असतील तर तेथून वाचायला सुरुवात करावी. दुसरी वाट म्हणजे यंत्राने दिलेली चुकीची ओळ नीट वाचणे. "नो सच फाईल" म्हणजे नाव किंवा जागा चुकली, पीडब्ल्यूडी आणि एलएस करा. "परमिशन डिनाइड" म्हणजे तेथे लिहिण्याचा अधिकार नाही, बहुधा दुसऱ्याच्या कप्प्यात आहात. यंत्र रागावत नाही, काय अडले तेवढे सांगते.

शेवटी आईला

पत्र आले तेव्हा दिवाळीची सुटी जवळ होती. आम्ही निरोप पाठविला आणि मुलगी चार संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन बसली. पहिल्या दिवशी ती कीबोर्डला हात लावायला कचरत होती. तिच्याहून लहान, अकरावीतील एका मुलीने तिला टॅबची कळ दाखविली. तिसऱ्या दिवशी तिने पावसाच्या फायलीतून पाच मोठे पाऊस काढले आणि त्यातील एक तारीख पाहून म्हणाली, "या दिवशी आमच्या बांधीचा धुरा फुटला होता." चौथ्या दिवशी तिने सर्व कमांड एका वहीत लिहून घेतल्या. डाव्या पानावर कमांड, उजव्या पानावर आपल्या शब्दांत अर्थ.

ती नागपूरला परत गेली आहे. सर्व जमले असे तिने सांगितलेले नाही. एक काम रांगेत लावले, ते चुकले, चूक सापडली, पुन्हा लावले, एवढेच तिने कळविले आहे. आता ती फोनवर काय अडले ते सांगते, परत येऊ का असे विचारत नाही.

ज्यांची मुले यंदा बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये. घरी एक वही आणा. मुलाला फोनवर टर्मक्स घालायला सांगा आणि रोज पाच कमांड वहीत लिहून घ्या. रात्री जेवताना एखादी विचारा, "सीपी म्हणजे काय रे?" तुम्हाला उत्तर ठाऊक नसले तरी विचारा. आई विचारते म्हटल्यावर मूल नीट सांगते, आणि सांगता सांगता त्याचे पक्के होते.

पुढील अंकी ऑक आणि पायथॉन यांची ओळख करून देऊ. तोपर्यंत आपल्या गावच्या पावसाची फाईल तयार ठेवा, आणि तिची एक प्रत काढून ठेवा.

जय भीम.